मोजमाप त्यांचं, डेबिट नोट आपली

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे आणि जरा तांत्रिक आहे. फक्त राजकारण वाचायला येणाऱ्यांनी थेट शेवटाकडे गेलं तरी चालेल, तिथं थोडं आहे. पण ज्यांचं वर्कशॉप आहे, जे रोज भोसरी-चाकणला कामाला जातात आणि ज्यांची पोरं मेकॅनिकलला आहेत, त्यांनी सगळी वाचा.

विषय आहे इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या यंत्रणेचा. कॅमशाफ्ट, रॉकर, रोलर, टॅपेट. आपल्या पट्ट्यात हे पार्ट बनवणाऱ्या, घासणाऱ्या, तपासणाऱ्या हातांची कमी नाही. पण इंजिन चालू असताना हे पार्ट किती घासतात आणि किती घसरतात, हे कोण मोजतं? माझं म्हणणं सरळ आहे. ज्याच्याकडे हे मोजायची सोय आहे, तोच ठरवतो की पार्ट का खराब झाला. ती सोय छोट्या कारखानदाराकडे नाही, म्हणून दोष दरवेळी त्याच्या पदरात पडतो. ही सोय सार्वजनिक पैशातून, परवडेल अशा दरात, याच पट्ट्यात व्हायला पाहिजे.

एक उदाहरण सांगतो. नाव देत नाही, कारण माणसाला उद्या धंदा करायचाय. भोसरी एमआयडीसीत शेड, राहायला आपल्याच चऱ्होलीत. दुचाकीच्या रॉकर आर्मचं मशीनिंग आणि ग्राइंडिंग, बारा-तेरा कामगार. माल पुढे एका मोठ्या सप्लायरकडे जातो आणि तिथून गाडीच्या कंपनीत. मध्यंतरी काही पार्ट बाजारातून परत आले. रोलरवर एका जागी चपटा डाग, कॅमच्या नाकाजवळ ओरखडे. वरून मेल आला, ग्राइंडिंग खराब. पाठोपाठ डेबिट नोट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, डेबिट नोटमध्ये नुसती पार्टची किंमत नसते. उरलेल्या मालाच्या सॉर्टिंगचा खर्च, बदलून दिलेल्या पार्टचा खर्च, वाहतूक, सगळं त्यात चढतं. पाच रुपयांच्या कामापायी पन्नास रुपये जातात.

या गृहस्थांनी आपल्याकडचे सगळे रिपोर्ट काढले. सीएमएमचा, हार्डनेसचा, सरफेस फिनिशचा. सगळं ड्रॉइंगप्रमाणे. समोरच्यांनी कागद पाहिले आणि म्हणाले, "ते ठीक आहे हो, पण पार्ट फेल झालाय ना?" विषय संपला. रक्कम पुढच्या बिलातून वळती झाली. त्या महिन्यात दोन पोरांना 'सध्या येऊ नका' असं सांगितलं गेलं. दोघांचेही मोटारसायकलचे हप्ते चालू होते, हे विशेष.

मग पार्ट खरंच का खराब झाला? ग्राइंडिंगमुळे झाला असेलही. मी काही त्यांचा वकील नाही. पण ग्राइंडिंगमुळेच झाला हे कुणी सिद्ध केलं? कुणीच नाही. ज्याची बाजू कमजोर त्याच्या नावावर ते लिहिलं गेलं, एवढंच.

आता जरा इंजिनाच्या आत जाऊ.

गाडी सहा हजार आरपीएमवर चालली की कॅम निम्म्या वेगानं, म्हणजे तीन हजारनं फिरतो. सेकंदाला ५० फेरे. एक फेरा २० मिलिसेकंदांत. तुमची पापणी लवेपर्यंत कॅम पाच-सात फेरे मारून मोकळा. प्रत्येक फेऱ्यात तो रॉकर उचलतो, रॉकर व्हॉल्व्ह दाबतो, स्प्रिंग व्हॉल्व्हला परत वर आणते. जुन्या रचनेत कॅम सरळ चपट्या पृष्ठभागावर घासत जायचा. मग मध्ये छोटा रोलर आला, घासण्याऐवजी लोळावं म्हणून. कल्पना उत्तम आणि फायदाही खरा. पण रोलर नेहमी लोळतोच, हा आपला समज आहे.

कॅमचा आकार साधारण अंड्यासारखा. त्याच्या गोल भागावर असताना व्हॉल्व्ह बंद असतो. टॅपेटला गॅप ठेवलेली असते, त्यामुळे त्या वेळी रोलरवर भार जवळजवळ नसतोच. भार नाही म्हणजे पकड नाही, आणि पकड नाही म्हटल्यावर रोलर मंदावतो. मग कॅमचा चढ येतो, स्प्रिंगचा भार अंगावर येतो आणि मंदावलेल्या रोलरला क्षणात कॅमचा वेग गाठायचा असतो. चालत्या पीएमपीत धावत चढणारा माणूस पहिली दोन पावलं कशी फरफटत जातो, तसंच. तेवढा वेळ रोलर लोळत नाही, घसरतो. यालाच स्लिप म्हणतात. तेलाचा जो थर मध्ये असतो तो बहुतेक वेळा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरा, म्हणजे अंदाज येईल. त्या पातळ थरावर घसरण वाढली की थर तुटतो, धातू धातूला लागतो, आणि मग तो ओरखडा. तोच, ज्याचा फोटो मेलला जोडून येतो.

ही घसरण कशामुळे वाढते? रोलर आणि त्याच्या पिनमधली क्लिअरन्स चुकली तर वाढते, आणि ती चूक बनवणाऱ्याची. थंडीत सकाळी पहिल्या किकला वर तेल उशिरा पोचलं तर वाढते. चुकीच्या ग्रेडचं किंवा बनावट तेल ओतलं असेल तर वाढते. स्प्रिंगचा भार नि कॅमचा आकार यांचा मेळ डिझाइनमध्येच नीट बसला नसेल तर वाढते. गॅरेजवाल्यानं फिलर गेज न लावता 'कानानं' टॅपेट सेट केला तर तेही आलंच. (आपल्याकडे कानानं टॅपेट सेट करणारे कलाकार आहेत, मान्य. पण गेज दहा मिनिटांत लावून होतो हो.) इतकी कारणं, आणि त्यातली बरीचशी भोसरीच्या त्या शेडपर्यंत पोचतसुद्धा नाहीत.

सीएमएम यातलं काहीच सांगत नाही. सीएमएम उभा पार्ट मोजतो. हार्डनेसचं मशीन पार्टला टोचून बघतं. पार्ट धावताना काय करतो ते दोघांनाही ठाऊक नसतं. घोड्याचे दात मोजून शर्यतीचा निकाल सांगण्यासारखं आहे ते.

धावताना मोजायची पद्धत आहे का? आहे, आणि जगात ती कित्येक वर्षं वापरात आहे. सिलिंडर हेड घ्यायचं, त्यात ज्वलन करायचं नाही, इलेक्ट्रिक मोटरनं नुसता कॅमशाफ्ट फिरवायचा. मोटर आणि कॅमशाफ्टच्या मध्ये टॉर्क सेन्सर बसवायचा. आता गंमत बघा. व्हॉल्व्ह उघडताना स्प्रिंग दाबायला जोर लागतो, पण व्हॉल्व्ह मिटताना तीच स्प्रिंग कॅमला पुढे ढकलून जवळजवळ तेवढंच परत देते. म्हणून पूर्ण फेऱ्याची सरासरी काढली की देणं-घेणं फिटतं आणि शिल्लक राहतो तो घर्षणाचा हिशोब. तेल गरम करून, गार करून, ग्रेड बदलून, वेग बदलून हीच सरासरी परत परत घ्यायची. सावकाराच्या वहीसारखं काम आहे, चिकाटीचं.

स्लिप मोजायला रोलरचा स्वतःचा वेग कळावा लागतो. तो एवढासा, आणि वर-खाली नाचणारा. एक मार्ग म्हणजे रोलरवर बारीक चुंबकीय खूण करायची आणि शेजारी तिचा प्रत्येक फेरा टिपणारा सेन्सर ठेवायचा. कॅमच्या कोनावरून रोलर किती वेगानं फिरायला हवा ते गणितानं काढता येतं. प्रत्यक्षात किती फिरला ते सेन्सर सांगतो. दोन्हीतला फरक म्हणजे स्लिप. तो कॅमच्या कोणत्या अंशावर वाढला हेही दिसतं. आणि तिथंच भांडण मिटू शकतं, कारण दोन वेगळ्या क्लिअरन्सचे रोलर, दोन वेगळी तेलं, दोन वेगळ्या स्प्रिंगा लावून बघितल्या की घसरण कशानं वाढली ते समोर येतं. डेबिट नोटवर सही करायच्या आधी.

हे वर्कशॉपवाल्याच्या विरुद्धही जाऊ शकतं. मी त्या गृहस्थांना तसं विचारलं. म्हणाले, "जाऊ दे ना. माझी चूक निघाली तर मी मशीन सुधारीन. पण माझी चूक काय ते मला कुणी सांगतच नाही. पुढच्या लॉटला मी काय बदलू?" मला वाटतं सगळ्या प्रकरणाचं मर्म यातच आहे. दंड वसूल होतो, पार्ट सुधारत नाही.

आता तुम्ही म्हणाल, कारखानदारांचं दुखणं, आमचा काय संबंध? संबंध तुमच्या पेट्रोलच्या बिलाशी आहे. होल्मबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१२ मधला एक अभ्यास या विषयात नेहमी आधाराला घेतात. त्यांच्या हिशोबानं मोटारीत जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेतला साधारण एक तृतीयांश भाग निव्वळ घर्षणावर जातो. टायर, इंजिन, गिअर, ब्रेक सगळं धरून. त्यात इंजिनाचा वाटा ३५ टक्के, आणि इंजिनाच्या घर्षणात व्हॉल्व्हच्या यंत्रणेचा वाटा १५ टक्के. गुणाकार तुम्हीच करा. शंभर रुपयांच्या इंधनामागे सुमारे पावणेदोन रुपये व्हॉल्व्ह उघडझाप करताना घासण्यात जातात. एका माणसाला हे चिल्लर वाटेल. पुणे-नाशिक रस्त्यावर रोज सकाळी चाकणच्या दिशेला जी रांग लागते, तिला ते लावून बघा.

आणि या रांगेचंही एक वेगळं गणित आहे. वेग कमी असताना कॅमच्या टोकावर तेलाचा थर नीट धरत नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह यंत्रणेचा घर्षणातला वाटा आयडलिंगला आणि मंद वेगात जास्त असतो. चाकणच्या तळेगाव चौकात पाऊण तास घुर्रघुर्र करत उभी राहिलेली गाडी नुसतं पेट्रोल जाळत नाही, स्वतःचा कॅमही झिजवते. रोलर नसलेल्या जुन्या गाड्यांत तर जास्तच. रस्ते आणि कॅमशाफ्ट यांचा असाही संबंध आहे, हे कुठल्या नगरसेवकाच्या जाहीरनाम्यात मी अजून वाचलेलं नाही.

सरकारी नियमही ग्रॅमवर आले आहेत. मोटारींसाठी कंपनीच्या सरासरी कार्बन उत्सर्जनाची मर्यादा पहिल्या टप्प्यात किलोमीटरला १३० ग्रॅम होती, २०२२-२३ पासून ती ११३ ग्रॅम झाली. पुढे आणखी आवळत जाणार. म्हणजे कंपन्या एकेका ग्रॅमसाठी घर्षण कमी करणार, पातळ तेल वापरणार, कोटिंग बदलणार. तेल पातळ झालं की थर पातळ होतो, थर पातळ झाला की पार्टच्या पृष्ठभागाकडून अपेक्षा वाढते. ती अपेक्षा ड्रॉइंगमध्ये एक आकडा बनून भोसरीच्या शेडमध्ये येते. आकडा का बदलला हे मात्र ड्रॉइंगबरोबर येत नाही.

१९६६ साली ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीनं सरकारला अहवाल दिला की घर्षण, झीज आणि वंगण याकडे नीट लक्ष दिलं तर देशाचे वर्षाला साडेएक्कावन्न कोटी पौंड वाचतील. 'ट्रायबॉलॉजी' हा शब्द तिथून रूढ झाला. आपण त्याला घर्षणशास्त्र म्हणू. आणि योगायोग बघा, त्याच १९६६ साली आपल्या पुण्यात ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, म्हणजे एआरएआय, स्थापन झाली. वेताळ टेकडीवर आहे ती. चाकणलाही त्यांचं केंद्र आहे. म्हणजे या विषयात आपण उशिरा जागे झालो असं कुणी म्हणू शकत नाही. मोठ्या कंपन्यांचे संशोधन विभाग पिंपरी, आकुर्डी, कोथरूडला आहेत, तिथं उत्तम इंजिनिअर आहेत, त्यातले काही ही पोस्ट वाचतही असतील. नमस्कार.

पण एआरएआयची घडण गाडी बनवणाऱ्यांच्या गरजेतून झाली, आणि कंपन्यांच्या लॅब कंपन्यांच्या गेटच्या आत आहेत. बारा कामगारांचा मालक तिथं फोन करायच्या आधीच हबकतो. कुणाला फोन करायचा, काय मागायचं, किती पैसे लागतील, काहीच ठाऊक नसतं. आणि ज्या कंपनीनं डेबिट नोट काढली तिच्याच लॅबकडे न्याय मागायला जायचं? पाटलाच्या वाड्यावर पाटलाविरुद्ध तक्रार!

आता एक गोष्ट काही जणांना झोंबेल. इस्लामाबादला राष्ट्रीय विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, नस्ट म्हणतात त्याला. तिथल्या संशोधकांनी गेल्या दशकात रोलर फॉलोअरमधली स्लिप प्रत्यक्ष मोजून आंतरराष्ट्रीय नियतकालिकात शोधनिबंध छापला. त्याआधी इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात या विषयावर वर्षानुवर्षं काम झालंय. लीड्सचं सोडा, गोरे लोक आहेत, पैसे आहेत म्हणू. पाकिस्तानात ना चाकण आहे ना पिंपरी. व्हॉट्सॲपवर रोज पाकिस्तानला धूळ चारणाऱ्या आमच्या मित्रांना विनंती आहे, या एका बाबतीत तरी आपल्याकडची कॉलेजं काय करतात ते विचारा.

कारण कॉलेजांची आपल्याकडे कमी आहे का? चऱ्होलीच्या वाघेश्वराच्या टेकडीवर उभं राहून बघा, नजरेच्या टप्प्यात किती कॅम्पस येतात. लोहगावकडून मोशीपर्यंत मोजत जा. दरवर्षी शेकडो पोरं शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करतात. त्यातले किती प्रोजेक्ट रेडीमेड विकत घेतलेले असतात हे पोरांनाही ठाऊक आहे आणि सरांनाही. एका पोरानं मला सांगितलं, आमच्या लॅबमध्ये पिन-ऑन-डिस्कचं मशीन आहे, पण ते तपासणीला कमिटी येते तेव्हा पुसतात. भंगारातलं सिलिंडर हेड, मोटर, ड्राइव्ह, तेल गरम करायची टाकी आणि सेन्सर. टॉर्क सेन्सर चांगल्या प्रतीचा घ्यायचा तर महाग आहे, हे मान्य. पण कॉलेजच्या गॅदरिंगच्या स्टेजपेक्षा महाग असेल असं मला वाटत नाही. चार वर्षांच्या चार बॅचनी मिळून असा एक रिग उभा केला, तर पाचव्या वर्षी भोसरीचा कारखानदार स्वतःहून गाडी घेऊन दारात येईल.

नेहमीचा आक्षेप येणार, ईव्ही आल्या, आता व्हॉल्व्ह कुठं राहणार? ज्या आकुर्डीत १९७० च्या दशकात पेट्रोलची चेतक बनायची तिथंच आता इलेक्ट्रिक चेतक बनते, बरोबर. पण जुलै २०२४ मध्ये त्याच बजाजनं पुण्यातूनच सीएनजीवर चालणारी मोटारसायकल बाजारात आणली. सीएनजी कोरडं इंधन, त्यात व्हॉल्व्ह आणि सीटची झीज हा प्रश्न उलट जास्त नाजूक. शिवाय ईव्हीत गिअर आहेत, बेअरिंग आहेत, आणि जोरात फिरणाऱ्या पण हलका भार असलेल्या बेअरिंगचे रोलरही असेच घसरतात. ज्यानं कॅमवरची स्लिप मोजली त्याला बेअरिंगची मोजता येईल. ज्यानं काहीच मोजलं नाही तो ईव्हीच्या जमान्यातही ड्रॉइंगप्रमाणे काम करून डेबिट नोट घेत बसेल.

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांचा. 'ड्रॉइंगमध्ये आहे ते करा, डोकं लावू नका.' तीस वर्षं हेच चाललंय. सोलापूरला १९९२ साली सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स आज परदेशी गाड्यांच्या कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवते. सोलापूरला ना बंदर, ना शेजारी गाड्यांचे कारखाने. डोकं न लावता झालं असेल का ते?

आता मागणी. चिंचवडला ऑटो क्लस्टर आहे. केंद्राच्या योजनेतून, महापालिकेच्या आणि उद्योजकांच्या सहभागातून उभं राहिलं, छोट्या उद्योगांना सामाईक सुविधा मिळाव्यात याच हेतूनं. त्याच धर्तीवर, तिथं किंवा भोसरीत, व्हॉल्व्ह यंत्रणेचं घर्षण आणि स्लिप मोजणारा रिग बसवा. दरपत्रक भिंतीवर लावा, मराठीत. रिपोर्ट दोन्ही बाजूंना एकाच वेळी मिळू द्या. आणि उद्योजक संघटनांनी मोठ्या खरेदीदारांशी बसून एक अट घालून घ्या : इंजिन चालताना झिजलेल्या पार्टबद्दल डेबिट नोट काढायची असेल तर चालत्या स्थितीतल्या चाचणीचा आकडा जोडा. नुसता फोटो चालणार नाही. २००६ च्या एमएसएमई कायद्यात छोट्याचे पैसे ४५ दिवसांत द्या असं आहे, पण डेबिट नोट टाकली की देणंच उरत नाही, कायदा काय करणार?

राजकारणाचं म्हणालो होतो. चऱ्होली १९९७ ला महापालिकेत आली. तेव्हापासून आपण रस्ते मागितले, पाणी मागितलं, काही मिळालं, काही नाही. स्वागत कमानी न मागता मिळाल्या. प्रत्येक निवडणुकीत 'स्थानिकांना रोजगार' हे वाक्य असतं. माझा साधा प्रश्न सगळ्या पक्षांच्या इच्छुकांना आहे. तो रोजगार ज्या शेडमधून मिळतो तिथं गेल्या वर्षी किती डेबिट नोटा आल्या आणि त्यापायी किती पोरं घरी बसली, हे तुम्ही कधी विचारलंत का? उत्तर कॉमेंटमध्ये द्या, मी पिन करीन. फ्लेक्सवरचा फोटो नको.

आणि ज्यांना अशी डेबिट नोट आली आहे, त्यांनी कंपनीचं आणि स्वतःचं नाव झाकून मला इनबॉक्स करा. पार्ट कोणता, कारण काय लिहिलंय आणि सोबत कोणत्या चाचणीचा कागद जोडलाय, एवढंच हवंय. पंचवीस-तीस जमल्या की गठ्ठा घेऊन ऑटो क्लस्टरला आणि महापालिकेत जाणार आहे. सोबत यायचं असेल त्यांनी तेही कळवा, शनिवार सोडून कुठलाही दिवस चालेल.